शिवबाईची साक्ष, मल्लिनाथच्या तोंडून

मल्लिनाथ हवालदारानं खुर्ची ओढून शिवबाईला खेटून घेतली. चौकशी समितीतर्फे एकटेच आलेल्या सदस्यांनी चिवड्याची बशी बाजूला सारली आणि रुमालानं बोटं पुसली.

"आजींना मराठी येतं ना?"

"न्हाय साहेब," मल्लिनाथच बोलला. "अक्कलकोटच्या पलीकडची हाय. नुसतं कन्नड."

शिवबाईनं पदर खांद्यावर ओढला.

तिचा मुलगा निंगप्पा पोलीस कोठडीत मेला होता. न्हाणीत पाय घसरून, असं ठाण्याचं म्हणणं. त्या ठाण्याची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली, समितीनं सोलापुरात येऊन दुभाषी मागितला, आणि दुभाषी त्याच ठाण्यानं पुरवला. त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. गाडी आणि चिवडाही ठाण्याचाच होता.

"बोलू द्या त्यांना, अगदी मोकळेपणानं," सदस्य म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

शिवबाई, कन्नडमध्ये, मल्लिनाथकडे बघत, त्याला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणत: भाकरी घेऊन आले तेव्हा दारात तूच होतास, तम्मा. फडकं सोडूनसुद्धा बघितलं नाहीस. म्हणालास, तो जेवून झोपलाय. आतून तो मला हाका मारत होता.

मल्लिनाथ, मराठीत: पोराच्या जेवणाखाण्याची पोलिसांनी नीट काळजी घेतली, म्हणती.

इंद्रायणी टायपिस्ट, लॅपटॉपवर: कोठडीतील भोजनव्यवस्था समाधानकारक होती.

"छान," सदस्य म्हणाले. "पुढं?"

शिवबाई: माती द्यायच्या आधी मी त्याला आंघोळ घातली. तळपाय वांग्यासारखे झाले होते. न्हाणीत घसरलेल्याचे तळपाय असे होतात का रे? घरी जाऊन तुझ्या आईला विचार.

मल्लिनाथ (घसा खाकरून): न्हाणीत घसरला. पायाला लागलं हुतं, म्हणती.

इंद्रायणी: मयताचा न्हाणीत पाय घसरला, हे साक्षीदारास मान्य.

शिवबाई: तुम्ही किती जण होता?

मल्लिनाथ: कुणाबद्दल तक्रार न्हाय.

इंद्रायणी: तक्रार नाही.

छापून काढल्यावर एवढं सगळं एका पानात मावलं, खाली निम्मं पान कोरंही राहिलं. मल्लिनाथनं 'दुभाषी' या शब्दाखाली लफ्फेदार सही ठोकली आणि शाईचा पॅड शिवबाईपुढं सरकवला. सदस्यांनी जेवणाचं कुठं, असं हलक्या आवाजात विचारलं.

"जरा वाचून दावा की, बाई," शिवबाई इंद्रायणीला म्हणाली. मराठीत.

इंद्रायणीनं एकदा सदस्यांकडं पाहिलं, मग वाचलं. शिवबाई मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"तुम्हाला मराठी येतं?" सदस्यांचा आवाज चढला.

"बाजारात मिरच्या इकते मी. मराठी येत न्हाय तर काय मुक्यानं इकू?"

"मग मघाशी सांगायचं नाही का!"

"तुमी मला कुटं इचारलं? ह्याला इचारलं."

मल्लिनाथ हसला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

"बरं, बरं. गैरसमज झाला," सदस्य म्हणाले. "हे फाडू. नव्यानं घेऊ." त्यांनी कागदाकडं हात नेला. शिवबाईचा पंजा आधीच त्यावर होता.

"फाडू नका. ह्यानं माझ्या नावानं काय काय सांगितलं, ते सहीसकट ऱ्हाऊ द्या. त्याच्याखाली माझं लिवा."

"असं करता येत नाही, आजी."

"सर," इंद्रायणी स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणाली, "खाली जागा आहे."

सदस्यांनी कागदाकडं नेलेला हात मागं घेतला. मल्लिनाथनं खुर्ची मागं सारली आणि तो उठायला लागला.

"बस की, तम्मा," शिवबाई म्हणाली. "आता तुला काय काम न्हाय. नुसतं ऐक."