माझ्या पाठीवरचं उलटं 'सा'

मित्रांनो, मी एक जुनी गेमची कॅसेट आहे. हसू नका! तळहाताएवढी, टीव्हीला जोडलेल्या डब्यात खुपसतात ना, तसली. माझ्या पोटात एक बेडूक राहतो आणि तो ढगांवरून उड्या मारतो. तो पहिल्यांदा पडद्यावर उडाला, तेव्हा ओसाकातल्या एका घरात आजोबासुद्धा आ वासून बसले होते.

त्या घरातली मिसातो पहिलीत होती. तेव्हा पोरं कॅसेटी एकमेकांना द्यायची, आणि नाव नसलेली कॅसेट परत यायची नाही. म्हणून मिसातोने जीभ बाहेर काढून, जाड काळ्या पेनाने माझ्या पाठीवर नाव लिहिलं. तिथेच घोळ झाला. जपानीत 'सा' आणि 'चि' ही अक्षरं आरशातली जुळी. पोट कुठल्या बाजूला, एवढाच फरक. तिने पोट उलट्या बाजूला काढलं आणि झाली मिचितो! तिचा दादा जुन्पेई जमिनीवर लोळून हसला.

त्याच जुन्पेईने मला तिला न विचारता मित्राला दिलं. मित्र मला घेऊन गाव सोडून गेला. मी त्याच्या खिडकीत पडून राहिले. अडतीस वर्षं नुसतं ऊन खाल्लं. पांढरी होते, पार पिवळी झाले.

मग मी परत ओसाकात आले, जुन्या गेमच्या दुकानात. तिथल्या तोकिएसान म्हणजे डागांच्या डॉक्टर. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेणार, आधी कोपऱ्यात एक थेंब लावून बघणार, प्लास्टिक खराब होत नाही ना. मग एकेक रेघ टिपणार. काडी काळी झाली की दुसरी. काय हात तो! मी श्वासच रोखला होता.

इतक्यात फोन वाजला. "मिसातो नाव लिहिलेली बेडकाची कॅसेट आहे का हो?"

तोकिएसाननी माझ्याकडे पाहिलं. "मिसातो? नाही हो."

असा संताप आला! अहो बाई, नीट वाचा, मीच ती! पण माझं ऐकतंय कोण? दहा मिनिटांत माझं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी मिसातो आणि जुन्पेई स्वतःच आले. केसांत पांढऱ्या बटा, भांडण तेच.

"दादा, तू विकलीस ती!"

"दिली होती गं, विकली नाही! तूच नाव चुकीचं लिहिलंस, म्हणून परत आली नाही."

"मी? शुद्धलेखनात पहिली यायचे मी!"

तोकिएसानचा चेहरा उतरला. "चुकीचं म्हणजे... मिचितो?"

दोघांनी एकदम मान डोलावली.

"ते मी काल पुसलं हो."

काउंटरवर आम्ही सात बेडूक होतो. सातही पिवळे, सातही कोरे. मिसातो पुटपुटली, "मग आता कशी ओळखणार?" माझी नुसती तडफड चाललेली. तोकिएसान एकेकीला उचलून खिडकीपाशी तिरकी धरू लागल्या. पाचवी मी.

आणि मित्रांनो, खरं सांगते, मला स्वतःला माहीत नव्हतं! जिथे शाई होती, तिथे ऊन पोचलंच नव्हतं. पिवळ्या पाठीवर तीन अक्षरं पांढरी राहिली होती. अगदी पहिल्या दिवसासारखी पांढरी. शाई गेली होती, पण नाव तिथेच होतं.

तोकिएसाननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "इतकी वर्षं पुसतेय मी. असं कधी बघितलंच नाही."

मिसातोने मधल्या अक्षराच्या पोटावरून बोट फिरवलं. "उलटंच आहे रे, दादा."

"अडतीस वर्षं तेच सांगतोय!"

"गप्प बस, चोरा. चल घरी, बेडूक बघायचाय."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर जरूर स्वच्छ करा. हलक्या हाताने करा. पण पुसण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते एकदा उजेडात धरून वाचा. आणि चुकलेलं वाटलं, तर दोनदा वाचा.