खंडेनवमीचं इंजिन

श्यामलाला किळस आली ती आधी घंगाळाची. अंघोळीचं पाणी काढायला म्हणून वाकली, तर आत रॉकेल, रॉकेलात गाडीचे आठ व्हॉल्व्ह, वर काळा तवंग, आणि त्या तवंगावर नवऱ्याच्या मित्राच्या, नृसिंहाच्या नाकातून उडालेली तपकीर. शी! तिनं घंगाळ मोरीच्या कोपऱ्यात पायानंच सरकवलं आणि अंघोळ बादलीवर भागवली. पण दिवसभर भाताला रॉकेलचा वास, ताकाला रॉकेलचा वास, आणि नवरा म्हणतो कसा, की यंत्राच्या घरात असं व्हायचंच.

यंत्राचं घर म्हणे! वसंतराव हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि घरातल्या खिडकीची कडी दोन वर्षं दोऱ्यानं बांधलेली होती.

गाडी मुळात तिच्या माहेरची. तिचे वडील, तात्या, मुरगूडचे डॉक्टर. लढाईच्या आधी कुणा सरदाराच्या तबेल्यातून त्यांनी ती जुनी अमेरिकन गाडी घेतली आणि तिच्यावर सगळा मुलूख पालथा घातला. कुठं बाळंतपण अडलं, कुठं कुणाला साप चावून पान लागलं, की तात्यांची गाडी वाटेला लागलेली. तात्यांना मुलगा नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी ते इंजिन उघडायचे तेव्हा नटबोल्टांचे पाने हातात द्यायला श्यामलाच, आणि माळावर गाडी चालवायला शिकली तीही श्यामलाच. पुढं काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, तेव्हा त्यांनी गाडी कोल्हापूरला जावयाच्या दारात आणून लावायला सांगितली. मागणं एकच केलं. दिवाळीला गाडी घेऊन या, मला तिच्यात बसून माझ्या गावांवरनं एकदा फिरायचंय. वर्षभर म्हातारा त्या एका फेरीवर जगत होता. येईल त्याला सांगत होता.

आणि श्रावणात गाडी धूर टाकायला लागली. पोटात ठकठक सुरू झाली. इंजिन उघडायला हवं हे कुणीही सांगितलं असतं. प्रश्न एवढाच, की उघडायचं कुणी?

श्यामला म्हणाली, मिस्त्रीकडे देऊ या. वसंतराव हसले. उद्यमनगरातल्या कारखान्यांत चार यत्ता शिकलेली पोरं विलायती इंजिन बघून बघून तसंच दुसरं ओततात, मग आपण दोघे पदवीधर एक जुनं इंजिन खोलून बसवू शकत नाही? दुसरा पदवीधर म्हणजे नृसिंह, त्यांचा शाळेतलाच मित्र. हा शास्त्र शिकवायचा, चहा प्यायचा, तपकीर ओढायचा आणि सल्ले द्यायचा. मला येतं, हे शब्द श्यामलाच्या अगदी ओठावर आले होते. पण नवऱ्याच्या मित्रासमोर सुनेनं पाना हातात घ्यायचा म्हणजे गल्लीला वर्षभराची करमणूक. गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाही तिला नंतर इतका तिटकारा आला की सांगता सोय नाही.

दोघांनी इंजिन खोललं. खोलायला काय, कुणालाही येतं. रात्रीत सोप्याभर लोखंड पसरलं. तेव्हा श्यामलानं एक केलं. घरातली चार सुपं काढली आणि कुणाला न विचारता एकेका सिलिंडरचा माल एकेका सुपात लावून ठेवला. पिस्टनचा रॉड आणि त्याला खालून इंजिनाच्या दांड्यावर पकडणारी अर्धी टोपी म्हणजे जोडी. चप्पल जशी घालून घालून एकाच पायाची होते, तशी ती जोडी आपल्या जागेवर घासून घासून तिथलीच झालेली असते. दुसरीकडे बसवली की गाडी रुसली. तात्यांनी म्हणून प्रत्येकीवर पंचानं ठिपके मारले होते. एक, दोन, तीन, चार. ठिपके ठिपक्यांना, काम सोपं. वसंतरावांना तिनं हे सांगितलंही. ते बरं बरं म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

सुपं महिनाभर तशीच राहिली. मग नवरात्र आलं.

खंडेनवमीला सकाळी ती अंबाबाईची ओटी भरायला गेली. रांग मोठी, यायला दुपार झाली. दारातूनच उदबत्तीचा वास आला आणि तिला बरं वाटलं. आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिली.

पाटांवर पांढरं धोतर अंथरलं होतं. त्यावर सगळं इंजिन मांडलं होतं. मधोमध पिस्टन, भोवती रॉड, त्यांच्या भोवती टोप्या, मग व्हॉल्व्ह, मोठ्यापासून लहानापर्यंत, रांगोळी घातल्यासारखं. प्रत्येक तुकड्याला हळदकुंकू. प्रत्येकावर झेंडू. आणि सगळं कसं चकचकीत! वसंतराव सोवळं नेसून घंटा वाजवत होते. नृसिंह अभिमानानं सांगत होता, की वहिनी, यंत्राची पूजा करायची तर मळकं कसं ठेवायचं, पहाटेपासून आम्ही कानस आणि घासकागद घेऊन एकेक तुकडा घासतोय.

श्यामलानं एक टोपी उचलली. कुंकू पदरानं पुसलं. खाली आरशासारखं लोखंड, ठिपका नाही. दुसरी उचलली. नाही. सोळा आणे काम केलं होतं मेल्यांनी. सुपं रिकामी, एकात एक घालून, भिंतीला टेकवलेली.

तिला ओकारी आली. खरोखरच आली, मोरीपर्यंत जावं लागलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गोड बातमी की काय. गोड!

दसऱ्यानंतर दोघांनी हातात येईल तो रॉड आत घातला आणि बोल्ट आवळले. हँडल फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. नृसिंहाला त्या दिवसापासून परीक्षेचे पेपर तपासायचे होते. वसंतरावांनी सगळं पुन्हा उपसून काढलं, आठ दिवस लोखंडाकडे पाठ करून जेवले आणि नवव्या दिवशी लोखंड ओतणाऱ्या भट्टीवाल्या बाळासोला घेऊन आले. त्यानं इंजिनाला दोन टिचक्या मारल्या, आवाज ऐकला आणि म्हणाला, "लोखंड बीडाचं, झ्याक हाय. वितळवून ओतायच्या कामाला येतंय. उद्या गाडा लावतो की."

श्यामलानं विचारलं, आणि तात्यांना काय सांगायचं?

वसंतरावांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीला एखादी भाड्याची गाडी नेऊ. बसवू त्यांना तीत. त्यांना कुठं दिसतंय?"

बाळासो भट्टीवाला माणूस, रोज आगीशी खेळणारा, पण त्यानंही मान खाली घातली. श्यामला नवऱ्याकडे बघत राहिली. याच माणसाला आपण सात वर्षं वाढलं, याच्या ताटात तूप वाढलं. रॉकेलची किळस काहीच नव्हे. हात लागला तर हात धुवावा असं तिला वाटलं.

"बाळासो, गाडा नको," ती म्हणाली. "इंजिन मी बसवणार."

वसंतरावांनी हसायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिनं पदर खोचला होता.

तिनं कपड्यांना घालायची नीळ घेतली, तेलात कालवली आणि इंजिनातल्या फिरत्या दांड्याला बोटानं पुसटशी लावली. एक टोपी बसवली, फिरवली, काढली. नीळ कुठं कुठं ठिपक्यांनी लागली. दुसरी बसवली. तिसरी बसवली. चौथीला आतून सारखी निळाई आली, सगळीकडे. ही इथली. अशी एकेक जोडी तिनं शोधून काढली. तात्यांनी हे एकदा करून दाखवलं होतं, ती बारा वर्षांची असताना. पिस्टनच्या रिंगा उद्यमनगरात स्वतः उभी राहून करून आणल्या. मिस्त्री टकामका बघत होता, तर बघू दे. नखांत काळं गेलं, बोटं निळी झाली. गल्लीतल्या बायका विरजण मागायला येऊन बघून गेल्या. वसंतराव त्या दिवसांत माडीवर जेवायचे.

वसुबारसेला सकाळी तिनं हँडल मारलं. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि चालू झाली. ठकठक नाही, धूर नाही.

गल्ली दारात आली. वसंतराव माडीवरून धावत उतरले, अंगात कोट. मागून नृसिंहही कुठून उगवला देव जाणे. वसंतरावांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, "लावलं बघा आम्ही जागेवर! कोल्हापुरात अशक्य काही नाही."

आम्ही म्हणे.

श्यामलानं हात आत घालून इंजिन बंद केलं. तिनं हँडल त्यांच्या हातात दिलं.

"करा चालू," ती म्हणाली. "अंगठा आत नका घालू, उलटं फिरलं तर मोडेल."

वसंतरावांनी एक फेरा मारला. दोन मारले. स्टिअरिंगखाली ठिणगी उशिरानं पाडायचा दांडा असतो, तो आधी ओढायचा, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? तिसऱ्या फेऱ्याला हँडल उसळलं, त्यांनी घाबरून सोडून दिलं. ते दगडावर पडून वाजलं. कुणी हसलं नाही. नृसिंहानं तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच खिशात घातली.

श्यामलानं हँडल उचललं, दांडा ओढला, एका फेऱ्यात गाडी चालू केली आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसली. मुरगूड दूर होतं, तात्या वाट बघत असणार. वसंतराव गाडीच्या दाराशी आले.

"मी येऊ?" त्यांनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तात्यांसाठी शेजारच्या सीटवर तिनं घोंगडी घातली होती.

"मागं बसा," ती म्हणाली.