ऐंशी अर्ध्या पत्रिका

मी एक जुना, पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. झाकणावर गुलाब होते. आता देठ तेवढे उरलेत. बिस्किटं संपली तेव्हा माझ्या नशिबी रवा होता, मित्रांनो, पण सुनीतीबाईंनी मला शिकवणीला लावलं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. दर रविवारी सकाळी मंडईहून बस पकडायच्या आणि हडपसरला एका दुकानाच्या माडीवर नोकरदारांना इंग्रजी शिकवायच्या. काही टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्या एकेक वाक्य लिहीत आणि कात्रीने त्याचे दोन तुकडे करीत. चाळीस पत्रिका, ऐंशी तुकडे. ते पोटात घेऊन मी आठ वर्षं बसने हिंडलो.

बाई सांगत, "मराठीत 'जो' आधी, 'तो' मागून. इंग्रजीत माणूस आधी उभा करा, मग 'हू' लावून त्याची हकिगत सांगा." मग प्रत्येकाने एक तुकडा उचलायचा आणि उरलेलं अर्धं वाक्य कुणाकडे आहे ते शोधायचं. चौदा जणांपैकी सात जणांना 'हू' म्हणताना खोकला यायचा, दोघांना नेमका तेव्हाच फोन.

सुखदेवचं तसं नव्हतं. कारखान्यात फिटर. पहिल्याच रविवारी त्याने वर्गाचा बंद पंखा फिरवून दाखवला. बाई इतक्या खूश, की त्याच्यावर वाक्यच लिहिलं: एका तुकड्यावर 'आय नो द मॅन', दुसऱ्यावर 'हू रिपेअर्ड द फॅन'. जोडी लावण्यात तो कायम पहिला. "शाब्बास! सुखदेवकडे बघा जरा," बाई म्हणत. "नुसतं माझ्या तोंडाकडे बघून इंग्रजी येत नाही."

एकदा शेजारी बसणाऱ्या कादंबरी नावाच्या मुलीने सुखदेवला हळूच विचारलं, "दादा, वाचलंत तरी कधी?"

"वाचायचं कशाला? मागं बघ की, माझ्याकडं पत्रिकेवरच्या गणपतीचे कान, तुझ्याकडं सोंड. लागलं लगीन!"

दोघं हसले. डब्याला बोलता येत नाही, फक्त पडता येतं. त्या दिवशी पडायला हवं होतं.

कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली. लेखी परीक्षा इंग्रजीतून. बाईंनी आपण होऊन शिफारसपत्र लिहिलं: 'वर्गात पहिला.' सुखदेव तास संपल्यावर मागे थांबला.

"म्याडम, मला हे खरं येत नाय."

"अहो सुखदेव, हा विनयाचा वर्ग नाही. निघा, आणि येताना पेढे आणा."

पुढच्या रविवारी तो रिकाम्या हाताने दारात उभा राहिला.

"काय विचारलं?"

"असलीच अर्धी वाक्यं. जोडा म्हणले."

"मग?"

"त्या कागदाच्या मागं काय बी नव्हतं, म्याडम."

बाईंना कळेना. कादंबरीने मान खाली घालून टेबलावरचे दोन तुकडे उलटे केले, एकमेकांना लावले. गणपती अख्खा झाला.

"म्हणजे आठ वर्षं मी लग्नंच लावली," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

जागा दुसऱ्याला मिळाली. पाच रविवार झाले, सुखदेव येत नाही, फोनही उचलत नाही. बाईंनी कोरी कार्डं आणली. ती प्लास्टिकच्या डब्यात राहतात. मी खिडकीत गंजतो आहे.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं माझं मागणं नाही. कुणाला शाबासकी द्याल तेव्हा एकदा मागची बाजू उलटून बघा. आणि कुणी 'मला येत नाही' म्हणालं, तर ते खरं धरा.

तास संपला की बाई मला उघडून तुकडे मोजतात. एकोणऐंशीच भरतात. एक सुखदेवच्या खिशात गेला, तो परत आलेला नाही. त्याचा जोडीदार बाई हातात धरून बसतात. त्यावर एवढंच आहे: 'आय नो द मॅन'.