शेवटच्या रांगेतला रुमाल

नाटकात एकही भूमिका न करता काकूंनी नाटकात तेवीस वर्षं काम केलं होतं. काम काय, तर शेवटच्या रांगेत बसायचं. नाट्यगृह कोणतंही असो, बाहेर जायच्या दाराजवळची खुर्ची त्यांची. त्या दारावर एक छोटा दिवा प्रयोगभर जळत असतो आणि त्याचा उजेड नेमका त्या खुर्चीवर पडतो. काकूंच्या मांडीवर पांढऱ्या रुमालाची घडी असायची. नवऱ्याचा आवाज नीट पोचला तर घडी मांडीवरच राहायची. नाही पोचला तर काकू रुमाल उलगडून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या. रंगमंचावरून नवऱ्याला तो पांढरा ठिपका डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचा आणि आवाज बोटभर वर चढायचा.

ही भानगड दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हती. बाई नवऱ्यावर नजर ठेवायला येतात, असंच कंपनीतली मंडळी समजायची. काकूंनीही तो समज कधी खोडून काढला नाही. एका रुमालात दोन कामं होत असतील तर बिघडलं कुठे?

मग टीव्ही आला. मालिकेत काकूंच्या नवऱ्याला घरातल्या कर्त्या माणसाची, अप्पांची, भूमिका मिळाली आणि अकरा वर्षं ते रोज संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात अप्पा म्हणून बसले. शेजारीपाजारी, दूधवाला, दाताचा डॉक्टर, सगळे त्यांना अप्पाच म्हणायला लागले. मालिकेत कॉलरच्या आत चिमुकला माइक लावायचे. तिथे कुजबुजलं तरी चालायचं, किंबहुना कुजबुजायचंच असायचं. काकूंना करायला काही उरलं नाही. अकरा वर्षं त्या कोचावर बसून नवऱ्याचं बोलणं ऐकत राहिल्या आणि मनातल्या मनात म्हणत राहिल्या, हा यांचा आवाज नव्हे. यांचा आवाज अंधारातून येतो, चाळीस फुटांवरून येतो आणि थेट छातीत बसतो. शेवटी लेखकांनी अप्पांना एका भागात परदेशी पाठवलं आणि परत आणायला विसरले. वर्षभर अप्पा घरात पेपर वाचत बसले.

आणि एके दिवशी ते जुनं नाटक परत आलं.

पस्तीस वर्षांपूर्वी याच नाटकात अप्पांनी घर सोडून जाणाऱ्या मुलाचं काम केलं होतं. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. त्याची वाट बघणारा बाप एक वयस्कर नट करायचे. शेवटी मुलगा परत येण्याची आशा संपते, सून उठून दार लावायला जाते आणि बाप खुर्चीतून मानही न वळवता म्हणतो, "दार उघडंच राहू दे. कोणी आलं तर." एवढं म्हटलं की पडदा. ते वाक्य हळू म्हणायचं असतं, पण शेवटच्या रांगेत पोचवायचं असतं. तोच तर सगळा कस. त्या वेळी काकूंनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "हे वाक्य मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"त्यासाठी मला म्हातारं व्हावं लागेल," ते म्हणाले होते.

"व्हा की. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या. आता एका तरुण दिग्दर्शिकेने ते नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं आणि बापाच्या भूमिकेसाठी अप्पांना फोन केला. फोन ठेवल्यावर अप्पा उठले. आत जाऊन कपाटातून पांढऱ्या रुमालांची चळत काढली आणि काकूंसमोर टेबलावर ठेवली. त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडल्या. आनंद होताच, पण धडकीही भरली होती.

कारण काकूंना ऐकू येईनासं झालं होतं.

हे एकदम झालं नव्हतं. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग फोनवरची लेक. टीव्हीचा आवाज इतका वर गेला की लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, टीव्हीला कमी ऐकू येतंय का?" काकूंनी हसण्यावारी नेलं. समोरासमोर बसलं की ओठांवरून काम भागायचं, आणि इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं निम्मं बोलणं तर न ऐकताही कळतं. सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण सांगितलं की ती खुर्ची जाणार. आजवर त्या खुर्चीसाठी त्यांनी कधी हट्ट धरला नव्हता, कारण ती त्यांचीच होती. म्हणून त्या गप्प बसल्या आणि मनाशी म्हणाल्या, रंगमंचावरचा आवाज येईल. तो काय टीव्हीतला आहे?

शेवटच्या चार तालमी प्रत्यक्ष नाट्यगृहात, दुपारी होत्या. काकू दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. पडदा वर गेला, अप्पांचे ओठ हलले आणि काकूंच्या कानांपर्यंत नुसती गुणगुण आली. त्यांनी अंग पुढे केलं, श्वास रोखून धरला, काही उपयोग झाला नाही. आता पोचला नाही तर पोचला नाही, असा विचार करून त्यांनी इमानेइतबारे रुमाल टाकला. अप्पांनी आवाज चढवला. तरी गुणगुणच. रुमाल समोरच्या खुर्चीवरून काढायची वेळच आली नाही.

दुसऱ्या तालमीला तेच. तिसऱ्या तालमीला अप्पांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या काकूंना चाळीस फुटांवरून दिसल्या. दिग्दर्शिका उठून रंगमंचाजवळ गेली आणि हातवारे करून काहीतरी बोलली. काय बोलली ते अप्पांनी घरी आल्यावर कोमट पाण्याच्या गुळण्या करता करता सांगितलं.

"म्हणाली, काका, बाप मुलाची वाट बघतोय, स्टेशनवर गाडीची घोषणा करत नाहीये."

काकूंना हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. अप्पा हसत नव्हते. तोंड पुसून ते खुर्चीत बसले आणि हातांकडे बघत राहिले.

"तिचं बरोबर आहे. मी ओरडतोय, मलाही कळतंय. पण ओरडूनही तिथवर पोचत नाही. टीव्हीने माझा आवाज खाल्ला. उद्या सकाळी फोन करून सांगतो तिला, दुसरं कोणी बघ म्हणून."

"अहो, पण..."

"तीन दिवस तू रुमाल काढला नाहीस. तू कधी चुकली नाहीस आजवर."

काकू नवऱ्यासमोरच बसल्या होत्या, त्यामुळे यातला शब्दन् शब्द त्यांना कळला. जेवण झालं, भांडी झाली, दोघं झोपायला गेले. काकूंनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. एका खुर्चीच्या हट्टापायी त्यांनी या माणसाचा गळाच कापला होता.

सकाळी अप्पा चहाचा कप घेऊन फोनकडे निघाले तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. टेबलापासची एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यात बसल्या.

"माझ्या मागे उभे राहा. दाराशी. आणि काहीतरी बोला."

"हे काय आता सकाळी सकाळी?"

हे काकूंनी अंदाजानेच ओळखलं. "बोला तर."

भिंतीवर रंगाचा एक पोपडा निघाला होता, काकू त्याच्याकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बोललात?" उत्तर आलं की नाही कळलं नाही. आणखी थोडा वेळ गेला. मग खांद्यावर हात पडला आणि त्यांनी मान वळवली.

"काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

अप्पांनी त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, "चहा गार झाला म्हणालो."

चहा गार झाल्यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं काकूंना कळत होतं. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज आहे तिथेच आहे. माझेच कान गेलेत. दीड वर्ष झालं."

अप्पा रागावले, आणि त्यांनी रागवावं हे रास्तच होतं. दीड वर्ष लपवलंस, मला येडा बनवलंस, त्या पोरीसमोर माझी शोभा झाली, असं बरंच बोलले. काकूंनी ते सगळं त्यांच्या ओठांवरून निमूट वाचून घेतलं. मग राग उतरला आणि ते शेजारी बसले.

"ते वाक्य आत्ता म्हणून दाखवू? तुझ्या कानाशी?"

काकूंचा जीव इतका तुटला की क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. "नको," त्या म्हणाल्या. "कानाशी म्हणायचं वाक्य नाहीये ते. एवढी वर्षं थांबले ती चहाच्या टेबलावर ऐकायला नव्हे."

"मग तू पहिल्या रांगेत बस. तिथे येईल कदाचित."

"आणि रुमाल कोण टाकणार?"

"अगं, तुला ऐकू येत नाही."

"मला लोक दिसतात. आवाज पोचला नाही की माणूस मान पुढे काढतो, शेजारच्याला विचारतो काय म्हणाला म्हणून. ऐकू न येणारा माणूस कसा बसतो, हे आता माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

दिग्दर्शिकेला फोन झाला, पण भूमिका सोडण्यासाठी नव्हे. चौथ्या तालमीला अप्पा तिच्या कानांवर विसंबून बोलले, रुमालाच्या नादी लागले नाहीत.

मधल्या काळात कानाच्या डॉक्टरकडे जाणं झालं, यंत्रही आलं. घरात ते बरं चालायचं. पण पहिल्या प्रयोगाला काकूंनी ते खुर्चीत बसल्यावर कानात घातलं, तर सगळं सभागृहच आत शिरलं. खोकले, पर्स उघडल्याचे आवाज, पंख्याची घरघर, आणि त्या ढिगाऱ्यात कुठेतरी नवरा. पहिला प्रवेश संपायच्या आत काकूंनी यंत्र काढून पिशवीत टाकलं. मांडीवरच्या रुमालावर हात ठेवला आणि माणसं बघायला सुरुवात केली.

शेवटची रांग भरली होती. एक जाडे गृहस्थ, एक आई आणि कॉलेजातली मुलगी, पलीकडे चष्म्याच्या काचा पुसत बसलेला कोणी मास्तर वाटावा असा माणूस. दुसऱ्या अंकात एकदा गृहस्थांनी मान पुढे काढली आणि मुलीने आईकडे बघितलं. काकूंनी रुमाल टाकला. रंगमंचावर अप्पांच्या हनुवटीत किंचित फरक पडला. गृहस्थ पुन्हा मागे टेकले. काकूंनी रुमाल उचलून घडी करून मांडीवर ठेवला. त्यांना इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तो शेवट आला. सून उठली आणि दाराकडे निघाली. उजेड फक्त दारावर होता आणि बाप दाराकडे पाठ करून अंधारात बसला होता, म्हणजे ओठही दिसणार नव्हते. हे काकूंना पस्तीस वर्षं माहीत होतं, तरी त्यांनी मान थोडी तिरकी करून बघितलं. सुनेचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे आता. आता ते बोलत होते. काकूंनी सगळा जीव कानांत गोळा केला आणि काहीही आलं नाही. ते वाक्य त्यांच्या अंगावरून, त्या खुर्चीवरून पुढे निघून गेलं आणि त्यांना लागलंसुद्धा नाही. ऐकायचं होतं हो, एवढं एकच ऐकायचं होतं.

त्यांनी शेजारी बघितलं. एकाचीही मान पुढे नव्हती. जाडे गृहस्थ तोंड थोडं उघडं ठेवून बसले होते. मास्तरांचा चष्मा हातात तसाच राहिला होता. मुलीने आईचा हात धरला होता आणि आईने डोळे मिटले होते. दारापर्यंत सगळ्यांना पोचलं होतं.

काकूंचे डोळे भरून वाहायला लागले आणि हात सवयीने मांडीवरच्या रुमालाकडे गेला. घडीला बोटं लागली आणि त्यांच्या लक्षात आलं, पडदा अजून पडलेला नाही. तिकडून ते बघत असतील. आता रुमाल उचलला तर या माणसाला वाटेल, पोचलंच नाही.

त्यांनी हात मागे घेतला आणि मनगटानेच डोळे पुसले. रुमाल मांडीवर तसाच घडीचा राहिला.