माग थांबले त्या दुपारी

"एका फोनापायी सगळे माग बंद. सणवार नाही, अमावस्या नाही..." ओसरीवर खेमराज पुटपुटले.

आत सुनेनं ऐकलं. एरवी मागांच्या खटखटीत सासऱ्यांची कुरकुर बुडून जायची, आज शब्दन् शब्द ऐकू येत होता. कीर्तीनं कोसा रेशमाच्या साडीचा पदर सारखा केला आणि लॅपटॉप धान्याच्या कोठीवर ठेवला. मागच्या भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून कॅलेंडर टांगलं, मग वाटलं कॅलेंडर जरा जास्तच झालं, म्हणून काढलं.

इंग्लंडमधल्या बिझनेस स्कूलची मुलाखत होती. कामात मुरलेल्या लोकांसाठी एक वर्षाचा कोर्स. लग्न होऊन ती भंडाऱ्याच्या या कोष्टीपुऱ्यात आली, तेव्हा या घरच्या साड्या जेमतेम नागपूरपर्यंत जायच्या. तिनं त्या हैदराबाद-दिल्लीपर्यंत नेल्या. नवरा संजीव लाखनीच्या शाळेत मास्तर, धंद्यात त्यानं कधी लक्ष घातलं नाही. आता दोन-तीन वर्षं धंदा जागचा हलत नव्हता. काहून हलत नाही, हे तिला शिकून यायचं होतं.

अर्जात एक प्रश्न होता: तुमच्यामागे काम कोण पाहणार? तिनं धाकट्या दिराचं नाव लिहिलं. घरात वाचून दाखवलं तेव्हा संजीव छताकडे पाहत होता, सासरे पानाला चुना लावत होते आणि अंकुश स्वतः "चालते की" म्हणून शहापूरच्या आपल्या मोबाईलच्या दुकानात निघून गेला होता.

पडद्यावर पिकल्या केसांच्या बाई आल्या. कीर्ती बोलू लागली, तशा त्या हसून म्हणाल्या, एवढं मोठ्यानं बोलायची गरज नाही. मागाच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिनं आवाज खाली आणला, तर तो कापायला लागला.

तेवढ्यात ओसरीवर रडणं ऐकू आलं.

सणवार, अमावस्या सोडली तर कोष्टीपुऱ्यात भरदिवसा माग थांबतात ते घरात मयत झाल्यावर. गल्लीत सांगायचं राहूनच गेलं होतं. शेजारची राधाबाई डोक्यावर पदर घेऊन, तोंडाला पदराचं टोक लावून आली होती.

"अवो खेमराजभाऊ, सकाळी तर चांगले चहा पेत होते..." म्हणत तिनं मान वर केली, तर समोर खेमराज. "अगाई! तुम्ही तर जिते आहा!"

"हाव. आता काय करू?"

"मंग माग काहून बंद?"

"सुनेची परीक्षा हाय. हळू बोल."

राधाबाईमागून आणखी चार-सहा जण आले. आलेच होते म्हणून बसले. मयताला बसतात तसेच, खाली माना घालून. मयताची खबर ऐकून दुकान सोडून धावत आलेला अंकुशही त्यांच्यात टेकला. उघड्या दारातून कीर्तीला सगळे दिसत होते. ती बाजारपेठेबद्दल बोलत होती, रंगांबद्दल, कारागिरांच्या मजुरीबद्दल. आणि बाहेर तिच्या घरात कोणीतरी गेल्यासारखी गल्ली बसली होती.

बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, तुम्ही वर्षभर इथे असाल, तर तिथे काम कोण पाहील?

"माय ब्रदर-इन-लॉ," कीर्ती म्हणाली. "अंकुश."

बाहेर अंकुशनं मान आणखी खाली घातली.

त्यांनी हे काम आधी सांभाळलं आहे? बाईंनी विचारलं.

'हो, सांभाळलं आहे' हे वाक्य पाठ होतं. रात्री आरशासमोर तीनदा म्हटलेलं. पण ते ओठावर येईना. बाई थांबल्या. माग थांबलेलेच होते.

खेमराज उठले. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पोराचं नाव तेवढं कळलं होतं. दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले, पडद्यावरच्या बाईंनाही दिसतील असे.

"मामाजी, दोन मिनिटं..." कीर्ती सासऱ्यांना कुजबुजली.

"अंकुशचं नाव काहून घेऊन राहिली, पोरी? त्याच्यानं नाही होत. तुले माहीत हाय, त्याले माहीत हाय, मले तर कवाचंच माहीत हाय. तू गेली का हे माग बंद पडतीन." त्यांनी एकदा मागांच्या खोलीकडे पाहिलं. "पडू दे. तसंच सांग त्या बाईले."