पाट्याचे पहिले वाटण

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे आणि मला राग आला आहे. दगडाने रागावू नये, निमूट पडून राहावे, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच समजावत होतो. पण ज्याच्या पाठीवर एका घराने आयुष्यभर चटण्या वाटल्या, त्याला उचलून वॉशिंग मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारले, तर त्याने गप्प तरी किती बसावे? मला बोलण्याची सवय नाही. कुठे मागे-पुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म खाणीतला. काळा दगड फोडून एका पाथरवटाने मला घडवले आणि माझ्या पाठीवर छिन्नीने बारीक टाके घातले. या घरच्या गोजराबाई लग्न होऊन नांदे गावात आल्या, त्याच वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी पौडच्या बाजारातून मला बैलगाडीत घालून आणले. सोबत वरवंटा होता. आम्ही दोघे एकाच दगडाचे.

मग कामाला लागलो. लसूण, मिरची, भाजलेला कांदा, सुके खोबरे, सगळे माझ्या पाठीवरून गेले. शेजारची जाईबाई स्वतःच्या घरचा पाटा सोडून इकडे वाटायला येई. तुमच्या पाट्यावर चटणीला चव येते, असे ती म्हणे. गोजराबाई म्हणत, "चव पाट्यात न्हाई, मनगटात असती." मला ते थोडे लागे. पण बोलणे खरे होते.

मानही मिळाला. गोजराबाईंना मुलगा झाला तेव्हा पाचवीच्या पूजेला मलाच मांडले होते. मला हळदकुंकू वाहिले, आणि त्या पोराला आयुष्य मागितले ते माझ्यासमोर. बारशाला तर वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवले. पोराआधी मान त्याचा. त्या पोराचे नाव प्रदीप ठेवले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मला मशीनखाली सारले ते याच प्रदीपने.

पुढे घरात मिक्सर आला. मी स्वयंपाकघरातून मागच्या दारी नळापाशी गेलो. गावाभोवतीच्या भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या. या घरानेही वर खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. वरच्या खोलीत जान्हवी नावाची मुलगी राहायला आली. ती हिंजवडीला कामाला जाते. एका संध्याकाळी ती दुकानातून एक प्लास्टिकची डबी घेऊन आली आणि मागच्या दारी सगळ्यांना चाखायला दिली. आत कडधान्याचे दाटसर वाटण होते, पापडासारख्या तुकड्याने बुडवून खायचे. त्याला ती डिप म्हणाली.

गोजराबाईंनी बोटावर घेऊन चाखले. "हा तर पावट्याचा ठेचा हाय," त्या म्हणाल्या. "फकस्त थंडगार. आन ह्यात मीठ टाकायला कुनाला सवड झाली न्हाई वाटतं."

जान्हवी हसली. पण प्रदीपची बायको वृषाली हसली नाही. ती डबीकडे बघत राहिली. तिला बऱ्याच दिवसांपासून स्वतःचे काहीतरी सुरू करायचे होते. खोल्या सासऱ्यांच्या नावावर, शेत दिराकडे, नोकरी नवऱ्याची. तिचे म्हणावे असे काही नव्हते. हे आपल्याला घरी करता येईल, असे ती म्हणाली. जान्हवीने लगेच सांगितले की तिच्या ऑफिसातली मंडळी दर शुक्रवारी असले काहीतरी मागवतात. वहिनींचे आवडले तर इथूनच घेतील. रविवारी चार-पाच जणांना जेवायलाच आणते.

वृषालीने आधी मिक्सरमध्ये करून पाहिले. पात्याच्या उष्णतेने पावट्यांची खळ झाली. खळ म्हणजे पतंगाला कागद चिकटवायची, ती. मी नळापाशी पडल्या पडल्या ऐकत होतो आणि मला फार बरे वाटत होते, हे लपवत नाही.

मग गोजराबाई म्हणाल्या, पाट्यावर वाट. वृषालीने मला धुतले. पण माझी पाठ झिजून गुळगुळीत झाली होती. पावटे वरवंट्याखालून सटकत होते. पाठीला पुन्हा टाके घालायला हवे होते. शनिवारी धोंडाबाई टाकारीण हातोडी-छिन्नी घेऊन गल्लीतून ओरडत गेली, तेव्हा वृषालीने तिला बोलावले. धोंडाबाईने दुपारभर माझी पाठ टोचली. दुखले, पण तरुण झालो.

आता नीट ऐका, मित्रांनो. टाकी लावलेल्या पाट्यावर पहिले वाटण खायचे नसते. टाक्यांमध्ये दगडाची कच अडकलेली असते. मूठभर तांदूळ आणि खडेमीठ वाटून ते टाकून द्यायचे, म्हणजे तांदूळ ती कच घेऊन जातो. या घरात हे पहिले वाटण घरातल्या थोरल्या बाईने करायचे आणि शेवग्याच्या बुंध्याशी टाकायचे, अशी रीत आहे. वृषालीला रीत ठाऊक होती. गोजराबाईंना तर होतीच.

त्या संध्याकाळी वृषालीला वाटले, सासूबाईंनी केले असणार. विचारावे, तर आठवण करून दिल्यासारखे होईल. आणि गोजराबाईंनी मला ओला बघितला, पाठीवर पांढुरके पाणी बघितले. त्यांना वाटले, सुनेने आपल्याला न विचारताच उरकले. त्या थोड्या रुसल्या आणि काही बोलल्या नाहीत. ते पांढुरके पाणी तांदळाचे नव्हते, दगडाच्या भुकटीचे होते. वृषालीने मला नुसते विसळले होते. एकीने मान राखला, दुसरीने रुसवा धरला, आणि कच माझ्या पाठीत राहिली.

पावटे रात्रभर भिजले. सकाळी गोजराबाईंनी ते मऊ शिजवून एकेक सोलले. मग वृषाली माझ्यापाशी बसली. जान्हवीने व्हिडिओ काढायला फोन समोर धरला आणि त्यात बघून म्हणाली, "झटपट, सोपं, घरच्या घरी, पाच मिनिटांत पावट्याचं डिप." मला तेव्हाच राग आला होता. पाच मिनिटे ती माझ्या पाठीवरची. रात्र कुठे गेली? गोजराबाईंची सोलणारी बोटे कुठे गेली?

पण वाटण झाले सुंदर. आधी लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि मीठ. मग पावटे थोडे थोडे. शेवटी कोथिंबीर, लिंबू आणि वरून कच्च्या तेलाची धार. वाटणाऱ्या बाईने पहिले बोट स्वतः चाखायचे असते. पण त्या दिवशी संकष्टी होती आणि वृषालीचा उपास होता. गोजराबाईंचाही. वाटी न चाखताच बाहेर गेली.

जान्हवीच्या ऑफिसातल्या निरंजन नावाच्या पाहुण्याने भाकरीच्या तुकड्याने पहिला घास घेतला. मागच्या दारापर्यंत आवाज आला. कच्च. त्याच्या दाढेत भरलेली चांदी निघाली. बिचारा सभ्य होता. गालावर हात ठेवून छान आहे म्हणाला. पण पुढे कुणी हात लावला नाही, आणि शुक्रवारचे नाव कुणी काढले नाही.

पाहुणे गेल्यावर प्रदीप मागच्या दारी आला. बायकोची मान खाली गेलेली त्याला बघवत नव्हती, हे मला समजते. पण त्याने मिक्सरला विचारले नाही, रीतीला विचारले नाही, आईलाही विचारले नाही. "शेवटी दगड तो दगडच," एवढे म्हणाला आणि मला मशीनखाली सारले. वरवंटा नळापाशी एकटा राहिला.

ते दिवस काय सांगू? मशीन कपडे पिळायला लागले की माझे अंग अंग थरथरे. साबणाचे पाणी टाक्यांतून वाहे. ज्या पाठीवर लसूण वाटली, तिला मोज्यांचा वास यायला लागला. आणि वृषालीने पावट्याचे नाव टाकले. जान्हवी जिन्यात भेटली तर ती खाली बघून निघून जाई. मला माझ्यापेक्षा त्याचा संताप जास्त आला. तिचा गुन्हा नव्हता आणि माझाही नव्हता, तरी शिक्षा आम्हा दोघांनाच.

एके दिवशी गोजराबाई सांडलेला साबण पुसायला खाली वाकल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवरून गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी बोट टाक्यात घालून फिरवले, मग अंगठ्यावर चोळले.

"वृषाली," त्यांनी हाक मारली. "पयलं वाटन कुनी काडलं व्हतं?"

वृषाली दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही काढलं ना, आत्या?"

"मी? मला वाटलं तू काडलं."

गोजराबाई ओल्या फरशीवर तशाच बसल्या आणि हसायला लागल्या. "आगं, म्या तुझ्यावर रुसून बसले व्हते. आन तू मला मान देत बसलीस. त्या पोराची दाढ गेली की गं मधल्या मधी."

वृषालीला हसू आणि रडू एकदमच आले. प्रदीपला हाक गेली. मशीनखाली वीट घालून त्याने मला बाहेर काढले. मला नळाखाली धरून त्याने स्वतः घासले, कोपऱ्यांतूनसुद्धा. पाचवीच्या पूजेची त्याला काय आठवण असणार? मी मात्र तेवढ्यापुरते त्याला माफ केले.

गोजराबाईंनी सुनेला शेजारी बसवून पहिले वाटण केले. करड्या रंगाचा तो गोळा शेवग्याखाली गेला. त्या रात्री पावटे भिजले. दुसऱ्या दिवशी जान्हवीने बोलावल्यावरून निरंजन पुन्हा आला, दाढ भरून, थोडा भीतभीतच. जान्हवीने फोन काढला तशा गोजराबाई तिला म्हणाल्या, "ह्या खेपेला रातीपासनं सांग. झटपट म्हनं."

वाटी पुढे करण्याआधी वृषालीने स्वतः बोट भरले. डोळे मिटून तिने ते पुढच्या दातांखाली हळूहळू फिरवले. निरंजनचा हात गालावर होता. मित्रांनो, मी दगड आहे, पण तेव्हा मलाही धस्स झाले.

तिने डोळे उघडले. "कच नाही लागत," ती म्हणाली आणि वाटी निरंजनपुढे सरकवली. त्याने चाखले आणि गालावरचा हात खाली घेतला. मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडता मोडता विचारले, शुक्रवारी किती डबे होतील?

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. अडगळीत आणि मशीनखाली माझे किती भाऊबंद पडले असतील, कोण जाणे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू बिघडली असे वाटले, तर तिला उचलून टाकण्याआधी एकदा घरातल्या माणसांना विचारा, की तिच्यासाठी करायचे ते कुणी केले होते का. नुसते मनात धरू नका, तोंडाने विचारा. मला विचारता आले नाही. तुम्हाला येते.