बिनडोळ्यांचा फोन

उस्तादने स्मार्टफोन विकून बटणांचा फोन घेतला, तेव्हा डेपोत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी बस तो एकोणीस वर्षं चालवत होता आणि एवढ्या वर्षांत त्याने आपणहून काही बदललेलं कुणाला आठवत नव्हतं. डबा तोच, मफलर तोच, विनोदसुद्धा तेच.

"संन्यास घेतलास की काय रे?" मेकॅनिकने विचारलं.

"डोळ्यांना त्रास होतो," उस्ताद म्हणाला. घरीही त्याने हेच सांगितलं. बायको म्हणाली, "बरं झालं. आता जेवताना माझ्या तोंडाकडे तरी बघाल."

खरं कारण वेगळंच होतं. पाळीची माणसं सोडून रिकामी बस परत आणताना, शाळेमागच्या वळणावर त्याने एका सायकलवाल्याला धडक दिली होती. बसला वेग नव्हता म्हणून माणूस वाचला, मांडीचं हाड मोडण्यावर निभावलं. त्या भल्या माणसाने खाटेवर पडल्या पडल्या सांगून टाकलं, "घाई माझीच होती, मीच मध्ये घुसलो." चौकशी अर्ध्या तासात आटोपली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "तुझी चूक नाही." उस्तादने मान हलवली. खोटं बोलायचीही गरज पडली नाही, लोकांनी ते आयतंच हातात आणून दिलं. नुसतं घ्यायचं होतं, त्याने घेतलं.

कारण स्टिअरिंगशेजारच्या स्टँडवर फोन लावलेला होता आणि फोनमध्ये ताई होती.

ताई त्याची थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. शाळेत कुणी घेतलं नाही, त्यामुळे अक्षरओळखही राहून गेली. पण आई खटपटी होती. तिने घरच्या घरी हातांची एक भाषा उभी केली. कानाची पाळी ओढली की धाकटा भाऊ, कारण लहानपणी त्याचे कान सुपाएवढे होते. हनुवटीला बोट लावलं की ताई. आई गेल्यावर ही भाषा येणारी जगात दोनच माणसं उरली. ताईचं लग्न होऊन ती सहा तासांवरच्या गावी गेली आणि पुढे कित्येक वर्षं ती मुकी ती मुकीच राहिली. मग हे व्हिडिओ कॉल आले. रोज साडेचारला ताई फोन लावायची आणि वर्षानुवर्षांचं तुंबलेलं सगळं दोन हातांनी सांगत सुटायची. शेजारणीची चालसुद्धा करून दाखवायची. हसून हसून उस्तादच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अडचण एवढीच, की ताईला न बघता नुसतं हुं हुं करता येत नाही. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्याकडे बघायचं. रिकामा रस्ता, रोजचं वळण, काय होतंय, असं म्हणत तो वर्षभर बघत राहिला. आणि एक दिवस जे व्हायचं ते झालं.

त्याच संध्याकाळी त्याने फोन विकला. हा मोह हातात ठेवायचाच नाही, बस. मग नव्या फोनवरून एकेकाला कळवायला बसला. मेकॅनिकला कळवलं, साडूला कळवलं, मुलीला कळवलं. आपल्या घरात असं एक माणूस आहे ज्याला फोन करून काही सांगता येत नाही, हे त्याच्या शेवटी ध्यानात आलं. मग त्याने भावोजींना फोन लावला. "ताईला सांगा, मी साधा फोन घेतलाय. ती दिसणार नाही आता, पण मी येऊन जाईन."

"सांगतो की," भावोजी म्हणाले.

भावोजी माणूस सरळ, पण बावीस वर्षांच्या संसारात त्यांना खुणा आल्या त्या जेव, झोप, चल, पैसे एवढ्याच. त्यांनी ताईच्या फोनकडे बोट दाखवलं, कानाची पाळी ओढली आणि हात आडवा हलवला. नाही. सांगून झालं.

उस्ताद येऊन जाणार होता तो पहिल्या रविवारी गेला नाही. जादा फेरी घेतली. कुणी घ्यायला लावली नव्हती, त्यानेच मागून घेतली. ताईसमोर बसायची हिंमत नव्हती, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. साडेचार वाजले की त्याचा हात आपोआप रिकाम्या स्टँडकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा.

अकराव्या दिवशी दुपारी दारावर थापा पडल्या. घंटा असून थापा मारणारं माणूस एकच. त्याने दार उघडलं. ताई एकटीच आली होती. दोन बस बदलून, तिकिटाच्या खिडकीवर गावाच्या नावाचा कागद दाखवत आली होती. चप्पल एका पायात भावोजींची होती. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खांदे दाबून पाहिले, गुडघे दाबून पाहिले आणि मग काडकन थोबाडीत मारली.

बायको घाबरून पाणी आणायला आत पळाली. उस्ताद गाल धरून खुर्चीत बसला. ताईने टेबलावरचा छोटा फोन उचलला. उलटा केला, सुलटा केला, बोटाने चाचपला. त्यात बघायला डोळाच नव्हता. तिने तो खाली ठेवला.

मग तिचे हात बोलू लागले. तिने तळहात चेहऱ्यासमोर धरला, हा फोन. कानाची पाळी ओढली, हा तू. हातांनी स्टिअरिंग फिरवलं, त्याचं हसू हसली. आणि एकदम तिचं अंग पुढे फेकलं गेलं, तोंड उघडं पडलं, तळहात उलटा होऊन आपटला. तिने डोळे मिटले. मग बोटं उघडून दाखवली, एकदा पाच, पुन्हा पाच, आणि एक.

उस्तादने मोजले, अकरा दिवस. त्याने सायकलवाल्याचा विचार केला होता, नोकरीचा केला होता, आपल्या पापाचा केला होता. ताईने त्या क्षणी काय पाहिलं असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. भाऊ तिला शेवटचा दिसला तो त्या धक्क्यात, आणि त्यानंतर नवऱ्याचा आडवा हललेला हात. वडील गेले तेव्हाही घरच्यांनी तिला तसाच हात हलवून सांगितलं होतं, काही नाही, काही नाही. तिला कळलं ते तिसऱ्या दिवशी, त्यांची खाट अंगणात धुताना पाहून.

ताईने हनुवटीला बोट लावलं. मग फोन लावल्याची खूण केली. मी लावला. मग पुन्हा तो धक्का. मी.

उस्ताद ताडकन उठला. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून त्याने सांगितलं, तुझी चूक नाही. तुझी चूक नाही.

ताईने त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. जन्मभर तिने आधी चेहरा वाचला होता आणि हात नंतर. आणि या अकरा दिवसांत, बस वळवताना, तोंड धुताना, पाठ टेकताना एक वाक्य त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येऊन गेलं होतं, नेमका तेव्हाच कशाला फोन करायचा हिला? त्याने ते दर वेळी हाकलून लावलं होतं. आता ताई ते वाचत होती.

वाचून झाल्यावर तिने मान हलवली. साहेबांसमोर त्याने हलवली होती तशीच. पिशवीतून स्वतःचा फोन काढला, त्याच्या फोनशेजारी पालथा ठेवला आणि त्याच्याकडे सरकवला. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन एकात एक घट्ट अडकवले.

बायको पाणी घेऊन आली. तिने एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"काय म्हणतात ताई?"

"काही नाही," उस्ताद म्हणाला.